डोसचं गणित: आधी लेबल, मग सूत्र

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पेपरात असो की वॉर्डात, सूत्र एकच: हवा असलेला डोस भागिले हाताशी असलेला डोस, गुणिले त्यातले मिली. डॉक्टरांची ऑर्डर जेन्टामायसिन 60 मिग्रॅची, व्हायलवर (औषधाच्या छोट्या बाटलीवर) 80 मिग्रॅ 2 मिलीत. 60 ÷ 80 × 2 = 1.5 मिली. उत्तर 2 मिलीच्या वर गेलं, तर भागाकार उलटा झालाय.

लहान मुलांत वजन आधी. 12 किलोच्या मुलाला पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिग्रॅ, म्हणजे 180 मिग्रॅ. 5 मिलीत 125 मिग्रॅचं सिरप असेल तर 7.2 मिली, 250 चं असेल तर 3.6. बाटल्या दिसायला सारख्याच! लेबल न वाचता ओतलं की डोस दुप्पट किंवा निम्मा.

सलाईनला सगळ्यात जास्त विद्यार्थी अडकतात, ते तासांची मिनिटं न केल्यामुळे. 500 मिली 8 तासांत, सेट (सलाईनची नळी) 20 थेंबांचा, म्हणजे 1 मिलीचे 20 थेंब: 500 × 20 ÷ 480 = 20.8, म्हणून मिनिटाला 21 थेंब. 480 ऐवजी 8 ने भागलं तर 1250 येतात. एवढे थेंब पडतील का, हे स्वतःलाच विचारा. सेटचा आकडा पाकिटावर वाचा, काही 15 चेही असतात. 60 थेंबांच्या मायक्रो सेटला मात्र तासाचे मिली तेवढेच मिनिटाचे थेंब.

इन्सुलिनला हे गणितच नको. मिलीमागे 40 युनिटच्या व्हायलला लाल टोपीची 40 ची सिरिंज, 100 ला केशरी टोपीची. अदलाबदल झाली की डोस अडीचपट चुकतो.

दशांशाआधी शून्य लिहा: 0.5. नंतर नको, 5.0 घाईत 50 वाचलं जातं.