आघातानंतर मुलांची स्मरणशक्ती का बिघडते, आणि घरी-शाळेत काय करायचं

सकाळी पाठ केलेली कविता दुपारी वर्गात आठवत नाही. दुकानातून तीन जिनसा सांगितल्या तर एकच येते. पुराच्या चिखलाचा वास आणि माळ्यावर काढलेली रात्र मात्र न बोलावता समोर येऊन उभी राहते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. तेव्हा सात-आठ वर्षांची असलेली पोरं आता नववी-दहावीच्या आसपास आहेत, आणि "याचं अभ्यासात लक्षच नाही" हे वाक्य त्यांच्यातल्या काहींच्या वाट्याला रोज येतं. कारण पूरच असेल असं नाही. घरातली मारहाण, अपघात, लैंगिक अत्याचार, आई किंवा वडील अचानक जाणं, यांतूनही हेच होऊ शकतं. पूर पाहिलेल्या बहुतेक मुलांना पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मानसिक आजार, होत नाही. पण ज्यांना होतो त्यांना आळशी ठरवून काहीच हाती लागत नाही.

घटना एवढी ठळक आणि कविता एवढी पुसट, असं का? जिवावर बेततं तेव्हा मेंदूतला अमिग्डाला हा भाग धोक्याची खूण पक्की करतो. कधी, कुठं, कशानंतर काय झालं, याची संगती लावणारा हिप्पोकॅम्पस त्याच वेळी ताणाच्या संप्रेरकांमुळे मागं पडतो. घरात आग लागल्यावर हिशेबाची वही लिहीत कोण बसतं? म्हणून वास, आवाज आणि अंगावरचा काटा तसाच राहतो, क्रम मात्र निसटतो. मूल एकदा "आधी लाइट गेली" म्हणतं, एकदा "आधी पाणी आलं". ते खोटं बोलत नसतं. पुढं सतत सावध राहण्यातच लक्ष खर्च होतं आणि झोप मोडते. जे नीट ऐकूच गेलं नाही ते आठवणार कुठून? बरीचशी 'विसरभोळी' मुलं खरं तर विसरत नाहीत. त्यांच्या डोक्यात ते शिरलेलंच नसतं. उपाय ठरवताना हाच फरक कामाला येतो.

'मेंदू आक्रसला' ही भीती मोबाइलवर फार फिरते. पीटीएसडी झालेल्या प्रौढांत हिप्पोकॅम्पस सरासरीनं लहान आढळतो, हे खरं. पण २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांची युद्धावर न गेलेली जुळी भावंडं तपासली, तेव्हा तीव्र पीटीएसडी असलेल्यांच्या भावंडांतही तो लहानच होता. म्हणजे तो आघातानं लहान झाला, की आधीच लहान असल्यानं त्रासाचा धोका वाढला, हे सरळ सांगता येत नाही. एमआरआय काढून हे निदान होत नाही. त्यात पैसे घालू नका.

आधी साध्या गोष्टी तपासून घ्या: हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड, चष्म्याचा नंबर, कान. मूल मध्येच शून्यात बघतं का? झटका अचानक येऊन दहा-पंधरा सेकंदांत जात असेल, हाक मारून, हात लावूनही मूल भानावर येत नसेल, तर फिट्सच्या एका प्रकाराची शक्यता असते आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) लागतो. आघातामुळे हरवलेलं मूल सहसा जास्त वेळ तसं राहतं आणि बहुधा शांत हाकेनं परत येतं.

मग दोन आठवडे एक वही ठेवा. काय विसरलं, किती वाजता, आदल्या रात्री झोप किती झाली, त्याआधी काय घडलं होतं. चार रकाने पुरेत. पाऊस जोरात लागला की, धरणातून विसर्ग सुरू झाल्याची रिक्षातून दवंडी फिरली की, किंवा ठरावीक नातेवाईक घरी आला की विसरणं वाढतं, असं काही त्यातून दिसेल. नातेवाईकाची नोंद दिसली तर ती हसण्यावारी नेऊ नका.

सूचना एका वेळी एकच द्या, तीही लिहून. "दप्तर भर, डबा घे, आजीला गोळी दे" यातलं पहिलंच टिकतं. अभ्यास १५ ते २० मिनिटांचा, मग पाच मिनिटं अंगणात चक्कर. दहादा वाचून घेण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवेल ते लिहायला सांगा. तोच भाग दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी पुन्हा. वर्गात पाठीमागं भिंत आणि समोर दार दिसेल अशी जागा मागून घ्या. मागं कोण आहे हे सारखं बघणारं मूल फळा बघत नाही. पेपरात डोकं रिकामं झालं, तर पेन खाली ठेवून दोन्ही पाय जमिनीवर दाबायचे आणि येणारा प्रश्न आधी घ्यायचा, हे घरी चार-पाच वेळा करून घ्या. झोप मात्र सगळ्यांच्या आधी: ६ ते १२ वयात ९ ते १२ तास, त्यापुढं १८ पर्यंत ८ ते १० तास. ब्राह्मीच्या बाटल्यांनी ही भरपाई होत नाही.

रात्री दचकून उठलं तर "काय दिसलं, सांग" असं विचारू नका. दिवा लावा, पाणी द्या आणि हळू आवाजात सांगा: "आज मंगळवार आहे. आपण गावभागातल्या घरी आहोत. आई इथंच आहे. भिंतीला हात लावून बघ, कोरडी आहे ना?" खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावा. मूल घट्ट धरलेलं चालवून घेत नसेल तर धरू नका, जवळ बसा.

पाहुण्यांसमोर "सांग की, तू कसा वाचलास" हा प्रकार बंद. आठवण दर वेळी नव्यानं जुळवली जाते आणि विचारणाऱ्याचे शब्द त्यात मिसळतात. अत्याचाराचा संशय असेल तर हे फारच जपा. "काकानं केलं का?" असा प्रश्न नको, "पुढं काय झालं?" एवढाच. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहा आणि थांबा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यानं (२०१२) अशी माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे; १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही फोन करता येतो. जबाब घरी किंवा मुलाला सोयीच्या जागी, साध्या कपड्यांतल्या अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो. साडेतीन वर्षांच्या आधीचं सहसा कुणालाच नीट आठवत नाही. ते 'बाहेर काढतो' म्हणणाऱ्या संमोहनवाल्याकडं जाऊ नका. तिथं नव्या, खोट्या आठवणी तयार होण्याचा धोका खरा आहे.

त्रास महिन्याहून जास्त टिकला, शाळा किंवा झोप बिघडली, तर ती वही घेऊन सांगलीच्या सिव्हिलच्या, सातारकरांनी साताऱ्याच्या, मानसोपचार ओपीडीत जा. मूल स्वतःला इजा करायचं बोलत असेल तर महिनाभर थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत आणि मराठीत चालतो. तिथं विचारा: आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा, बोलण्यातून होणारा उपचार) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करवून आठवणीवर काम करणारा उपचार) कोण करतं? या सीबीटीच्या साधारण १२ ते १६ बैठका होतात, पालकांनाही बसावं लागतं. आधी शांत व्हायच्या युक्त्या शिकवतात. मग तीच घटना, जिच्याबद्दल घरी खोदायचं नाही, मूल झेपेल तेवढी क्रमानं मांडतं. त्या दिवसांत चिडचिड किंवा स्वप्नं थोडी वाढू शकतात, आणि नेमकं तेव्हाच पालक बैठका सोडतात. थांबायच्या आधी थेरपिस्टशी बोला.

मुलांच्या पीटीएसडीवर गोळ्या हा पहिला उपाय नाही. झोपेसाठी मोठ्यांची अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम अर्धी करून देण्याची पद्धत काही घरांत आहे. या गोळ्या नवी आठवण धरू देत नाहीत, म्हणजे मूळ तक्रारच वाढते. आधीच सुरू असतील तर एकदम बंद करू नका. डॉक्टरांना विचारून टप्प्याटप्प्यानं कमी करा.