फिल्मस्ट्रिप दाखवताना

संडे स्कूलमध्ये जुनी ३५ मिमी फिल्मस्ट्रिप (ओळीने स्थिर चित्रे असलेली फिल्मची पट्टी) प्रोजेक्टरवर दाखवायची असेल तर आदल्या दिवशी ती पूर्ण चालवून बघा. पट्टी कडांनीच धरा आणि चित्राचे डोके खाली ठेवून घाला; भिंग ते सुलटे करते. एकाच चौकटीवर फार वेळ थांबलात तर उष्णतेने फिल्म फुगून चित्र पुसट होते.

हरवलेल्या मेंढराच्या दाखल्याला (बायबल, लूक १५) १०-१२ चौकटी पुरतात. हरवलेले एक मेंढरू शोधायला मेंढपाळ निघतो तिथे प्रोजेक्टरचा दिवा बंद करून मुलांनाच विचारा, '९९ मेंढरे मागे ठेवून तो का गेला असेल?' खरा धडा तिथेच आहे, घाई नको.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात फिल्मला बुरशी लागते, डबीत सिलिका जेलची पुडी हवीच. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारी पट्टी लगेच वेगळी ठेवा.