अमेरिकेचा आरंभीचा इतिहास घरी शिकवताना

अमेरिकेत मुलाला शाळेत न घालता घरी शिकवायचे असेल, तर आधी आपल्या राज्याचा कायदा पाहावा. टेक्सासमध्ये राज्याकडे नोंदणीही करावी लागत नाही, तर न्यू यॉर्कमध्ये वर्षाचा आराखडा आणि दर तिमाहीचा अहवाल द्यावा लागतो. त्यानंतर प्रश्न उरतो तो सुरुवात कुठून करावी याचा.

बहुतेक पालक कोलंबसाच्या १४९२ पासून आरंभ करतात. त्याऐवजी पहिला आठवडा मिसिसिपीच्या खोऱ्यातील काहोकियाला द्यावा, कारण इ.स. ११०० च्या सुमारास तेथे मातीच्या प्रचंड टेकड्या रचणाऱ्या हजारो लोकांचे नगर नांदत होते, आणि हे एकदा समजले की 'रिकामा खंड' ही कल्पना मुलाच्या डोक्यात शिरतच नाही. मग भिंतीवर लांब कागदी पट्टी लावून तिच्यावर जेम्सटाउन (१६०७) आणि प्लिमथ (१६२०) या इंग्रज वसाहती मांडाव्यात. मधल्या १६१९ पाशी मात्र थांबावे: त्या वर्षी व्हर्जिनियात पहिली प्रतिनिधीसभा भरली आणि काही आठवड्यांतच वीसेक आफ्रिकी बंदिवान तेथे उतरवले गेले. दोन्ही घटना मुलाला एकाच चिठ्ठीवर लिहायला लावाव्यात.

सर्वांत जास्त वेळ बॉस्टनच्या चहाला द्यावा. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या, एवढे कोणतेही पुस्तक सांगते. परंतु ब्रिटिश पार्लमेंटच्या नव्या चहा-कायद्याने चहा उलट स्वस्त होणार होता, मग लोक का चिडले, हा प्रश्न मुलाकडूनच यायला हवा. त्यासाठी घरातच दुकान मांडावे. एकाने ईस्ट इंडिया कंपनी व्हावे, दुसऱ्याने गावचा व्यापारी, तिसऱ्याने चोरटा डच चहा विकणारा. कंपनी थेट माल विकू लागली की उरलेल्या दोघांचा धंदा बसतो, आणि आपला एकही प्रतिनिधी नसलेल्या पार्लमेंटने लावलेला पौंडभर चहामागे तीन पेन्सांचा कर तसाच राहतो, हे खेळताना आपोआप उमगते. (तो चहा चीनचा होता, आसामचे मळे पुढच्या शतकातले. आपली मुले हे हमखास चुकतात.)

स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील समतेचे वाक्य मोठ्याने वाचावे आणि ते लिहिणारा जेफरसन स्वतः गुलामांचा मालक होता, हेही त्याच बैठकीत सांगावे. दहा वर्षांच्या मुलाला ते पेलते.

मराठी घरात याच पट्टीखाली दुसरी पट्टी लावणे सोयीचे ठरते. मार्च १७७५ मध्ये राघोबादादाने त्याच कंपनीशी सुरतेचा तह केला आणि पुढच्याच महिन्यात लेक्सिंग्टनला अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटली. उजळणीच्या वेळी वरच्या पट्टीवर यॉर्कटाउनला १७८१ मध्ये शरण आलेल्या ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसचे नाव मुलाला शोधायला सांगावे, आणि मग तेच नाव खालच्या पट्टीवर १७८६ पाशी, बंगालचा गव्हर्नर जनरल म्हणून, लिहून घ्यावे.