दुखत नाही म्हणजे किडनी ठणठणीत? या चुका टाळा

कंबर धरली की पहिला संशय किडनीवर जातो. पण मूत्रपिंडं कमरेच्या बरीच वर असतात: मणक्याच्या दोन्ही अंगांना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला. वर यकृत असल्यामुळे उजवं जरा खाली. वाकता-उठताना कमी-जास्त होणारं दुखणं सहसा स्नायूंचं किंवा मणक्याचं असतं. बरगडीखालून जांघेकडे कळा येत असतील आणि कुठल्याच कुशीवर चैन पडत नसेल, तर खड्याची शंका घ्या. सोबत थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

खरी घातक चूक याच्या उलट आहे. मधुमेह आणि रक्तदाबामुळे मूत्रपिंडाची होणारी झीज दुखतच नाही. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या बारीक गाळण्या, असतात. त्यातले बरेच निकामी झाले तरी उरलेले जास्तीचं काम ओढतात आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो एक टाकाऊ पदार्थ) बराच काळ ‘नॉर्मल’ दिसतं. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. त्यामुळे कृश, वयस्कर माणसाचा आकडा तर आणखीच फसवा. तेव्हा तेवढं वाचून रिपोर्ट फाइलला लावू नका. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती वेगाने गाळते याचा अंदाजी आकडा, पाहा; तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली असेल तर तो जुनाट आजार धरतात. आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासून घ्या. मधुमेह असेल तर दरवर्षी, न चुकता. गाळणी झिरपू लागल्याचं ही साधी तपासणी फार आधी सांगते, आणि नेमकी तीच राहून जाते याचं वाईट वाटतं.

जुलाब-उलट्या चालू असताना अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका. अंगातलं पाणी कमी झालं की नेफ्रॉनमध्ये रक्त आणणारी बारीक रोहिणी प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्याच रसायनाच्या जोरावर उघडी राहते. या गोळ्या प्रोस्टाग्लँडिनच बनू देत नाहीत, आणि गाळणीकडचा रक्तपुरवठा ऐन वेळी घटतो.

भरपूर पाणी प्यायल्याने किडनी ‘धुऊन’ निघत नाही. ती दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळते आणि ९९ टक्के परत रक्तात घेते. वरच्या चार ग्लासांनी तिथे काय धुतलं जाणार? खडे होणाऱ्यांनी मात्र पाणी वाढवावंच. पायांवर सूज असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तरी एकदा किडनी तपासा. लाल पेशी बनवायला लावणारं एरिथ्रोपोएटिन मुख्यतः तिथेच तयार होतं.