नव्या प्रकारचं पुस्तक कसं शोधावं

सुरुवात दिवाळी अंकांपासून करा. एकाच अंकात कथा, कविता, प्रवासवर्णन, विज्ञानलेख असं सगळं मिळतं आणि नवा लेखक आठ-दहा पानांत पारखता येतो. अनेक वाचनालयं अंकांसाठी वेगळी वर्गणी घेतात; ती भरा. आवडलेल्या लेखाच्या लेखकाचं नाव वहीत टिपा आणि त्याची पुस्तकं मागा.

पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीच्या वाचनालयात मराठी साहित्य ८९१.४६ वर असतं: कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. बहुतेक वाचक या शेवटच्या कपाटापाशीच थांबतात. विज्ञान ५०० पासून, प्रवास ९१० ला, चरित्रं ९२० ला. तिकडे मुद्दाम जा.

मलपृष्ठावर भिस्त ठेवू नका, तो जाहिरातीचा मजकूर. पहिलं पान आणि मधली दोन पानं वाचा. अनुवाद असेल तर संवादांचं पान आधी काढा. तिथली माणसं मराठीत बोलत नसतील तर दुसरा अनुवाद शोधा. वाईट अनुवादामुळे रहस्यकथा किंवा विज्ञानकथा कायमची नावडती होते, आणि ते फार मोठं नुकसान आहे.

नव्या प्रकारातलं पहिलं पुस्तक दीडशे-दोनशे पानांचंच घ्या.