निवडणुकीचा नकाशा बघून ‘गाव विरुद्ध शहर’ म्हणण्याआधी या चुका टाळा

निकालाच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत माझ्या फोनवर महाराष्ट्राचे किमान दहा नकाशे येऊन पडतात. सगळे घाईत रंगवलेले, आणि प्रत्येकाखाली एक ओळ ठरलेली: ‘ग्रामीण भागाने अमक्याला नाकारलं’ किंवा ‘शहरांनी तमक्याला तारलं’. नकाशे करणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे उत्तर द्यायचा मोह होतो. पूर्वी देतही असे. आता तेच तेच लिहून कंटाळा आला आहे, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवते. पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवीन.

जमिनीला मत समजणं

ही सगळ्यात जुनी चूक, तरी दर निवडणुकीत नव्याने होते. गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून जेमतेम 603. म्हणजे गडचिरोलीत जवळपास चोवीस मुंबया मावतील. आता विधानसभेच्या जागा मोजा. गडचिरोली जिल्ह्यात तीन: आरमोरी, गडचिरोली, अहेरी. मुंबईत छत्तीस.

फोनच्या पडद्यावर राज्याचा नकाशा उघडलात की गडचिरोली अंगठ्याच्या नखाएवढी दिसते आणि मुंबई साबुदाण्याच्या दाण्याएवढी. त्या एका दाण्यात राज्याच्या 288 पैकी छत्तीस आमदार बसलेले आहेत. डोळा मात्र नखाकडे जातो. डोळ्याचा यात दोष नाही, रंगाचा जितका मोठा ठिपका तितकं त्याचं वजन असं तो धरणारच. दोष नकाशा करून तसाच पाठवून देणाऱ्याचा.

त्यातही जिल्हा एका रंगात रंगवणारे महाभाग असतात. नोव्हेंबर 2024 मध्ये गडचिरोलीच्या तीन जागांवर तीन वेगवेगळे पक्ष निवडून आले: आरमोरीत काँग्रेस, गडचिरोलीत भाजप, अहेरीत अजित पवारांची राष्ट्रवादी. त्याच्या पाचेक महिने आधीचा लोकसभेचा नकाशा बघितलात तर तिथे गडचिरोली-चिमूरचा अख्खा पट्टा काँग्रेसचा. मग ‘गडचिरोलीचा कल’ म्हणजे नेमकं काय?

यावर हुशार मंडळींचा उपाय म्हणजे षटकोनी नकाशा, प्रत्येक जागेला सारख्या आकाराचा एक षटकोन. मीही वापरते, चांगला आहे. पण तो केला म्हणजे पाप धुतलं गेलं असं समजू नका. 2024 च्या विधानसभेला चिंचवड आणि पनवेल या दोन्ही ठिकाणी सहा लाखांच्या वर मतदार होते आणि वडाळ्यात दोन लाखांच्या आसपास. षटकोन तिघांनाही एकेकच. आजच्या मतदारसंघांच्या हद्दी 2001 च्या जनगणनेवर आखलेल्या आहेत, आणि त्यानंतर माणसं कुठे राहायला गेली ते पनवेलच्या इमारती बघून कळतं. म्हणजे इथे मतं झाकली जातात ती वाढत्या उपनगरांची. मुंबईच्या पोटातल्या जुन्या वस्तीला उलट झुकतं माप मिळतं.

माझी सवय सांगते. मी दोन नकाशे शेजारी ठेवते, एक नेहमीचा आणि एक वर्तुळांचा, ज्यात वर्तुळाचा आकार झालेल्या मतदानाएवढा असतो. मुंबई-ठाण्याकडे वर्तुळं एकमेकांवर चढतात आणि चित्र कुरूप दिसतं. दिसू दे.

मतदारसंघाच्या नावावरून त्याला ‘ग्रामीण’ ठरवणं

ही चूक मी स्वतः केलेली आहे, तीही भर सभेत. त्यामुळे थोडं सविस्तर.

2019 च्या लोकसभेनंतर मला एका ठिकाणी बोलायला बोलावलं होतं. मी घाईत होते. जनगणनेतून तालुकावार शहरी लोकसंख्येचे आकडे उचलले, मतदारसंघांच्या नावाशी जुळवले आणि महाराष्ट्राच्या अठ्ठेचाळीस जागांचे ग्रामीण, निमशहरी, शहरी असे तीन गट पाडले. एक्सेलने पाच मिनिटांत काम केलं. मावळ तालुका ग्रामीण, म्हणून मावळ लोकसभा ग्रामीण. शिरूरचं तेच. मी पडद्यावर हिरव्या रंगातली मावळ दाखवून शेतकऱ्यांच्या नाराजीवर बोलायला लागले.

तिसऱ्या रांगेतून एक आजोबा उठले. म्हणाले, “बाई, मी चिंचवडला राहतो. आमच्या सोसायटीत बारा मजले आहेत आणि पार्किंगवरून रोज भांडणं. आम्ही शेतकरी कधीपासून झालो?”

सभागृह हसलं, मीही हसले. घरी येऊन मावळ लोकसभेतली सहा विधानसभा क्षेत्रं कागदावर लिहून काढली: पनवेल, कर्जत, उरण, मावळ, चिंचवड, पिंपरी. घाटाच्या खाली पनवेलसारखं शहर, घाटावर पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक पट्टा, आणि मधे भातखाचरं. याला ग्रामीण म्हणणं चूक, आणि उरलेल्या गावांना विसरून शहरी म्हणणंही चूक.

मग एकेक करून सगळेच तपासले. शिरूरमध्ये जुन्नर आणि आंबेगावच्या जोडीला भोसरी आणि हडपसर. बारामतीत भोर, पुरंदरच्या जोडीला पुण्याच्या अंगाला चिकटलेलं खडकवासला. भिवंडीत शहापूर-मुरबाडबरोबर कल्याण पश्चिम. पालघरमध्ये डहाणू, विक्रमगडचे आदिवासी पाडे आणि वसई-नालासोपाऱ्याच्या चाळी-इमारती एकाच मतदारसंघात. महाराष्ट्रात गाव आणि शहर यांची सीमा मतदारसंघांच्या मधून जात नाही, पोटातून जाते. नकाशावर मात्र त्या पोटाला एकच रंग. बारामतीचंच बघा. 2024 मध्ये सहापैकी पाच ठिकाणी सुप्रिया सुळे पुढे, फक्त खडकवासल्यात सुनेत्रा पवार. लोकसभेच्या नकाशावर यातलं काहीही दिसत नाही.

तेव्हापासून लोकसभेच्या जागेला मी ‘ग्रामीण’ किंवा ‘शहरी’ हे विशेषण लावत नाही. विधानसभा क्षेत्रनिहाय आकडे काढते, आणि तेही पुरले नाहीत तर फॉर्म 20 उघडते. त्यात मतदान केंद्रागणिक कोणाला किती मतं पडली ते असतं. अनेकदा तो वाकडातिकडा स्कॅन केलेला असतो, डोळे फुटतात, एका मतदारसंघाला दोन संध्याकाळी जातात. ज्यांना एका क्लिकमध्ये उत्तर हवं असतं ती मंडळी इथे गळतात. गळू देत.

पोटातला कौल बघितला, पण अर्थ भलताच लावला

फॉर्म 20 पर्यंत पोचलेले लोकही पुढे ठेचकाळतात. 2024 चं धुळे घ्या. काँग्रेसच्या शोभा बच्छाव 3,831 मतांनी जिंकल्या. भाजपचे सुभाष भामरे सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत पुढे होते आणि तिथलं त्यांचं एकत्रित लीड सुमारे 1 लाख 90 हजारांचं होतं. एकट्या मालेगाव मध्यने ते सगळं फेडून वर निकाल फिरवला. विधानसभा क्षेत्रांचा नकाशा केलात तर पाच भाग एका रंगाचे आणि एक ठिपका दुसऱ्या रंगाचा. बघणाऱ्याला वाटणार, हरलेलाच जिंकला.

इथवर ठीक. पण मग कोणीतरी लिहितं, ‘बघा, शहराने गावांवर मात केली’. अहो, त्या पाचांत धुळे शहरही आहे! आणि मालेगाव मध्य म्हणजे यंत्रमागांची, दाट वस्तीची, मुस्लिमबहुल नगरी. तिथल्या कौलामागे काय काय होतं याचा विचार न करता त्याला ‘शहरी मत’ असं लेबल चिकटवलं की विषय संपला असं वाटतं. तो संपत नाही.

रंगाला छटा नसणं

2024 ची लोकसभा, मुंबई उत्तर-पश्चिम: रवींद्र वायकर 48 मतांनी विजयी. शेजारचं मुंबई उत्तर: पीयूष गोयल साडेतीन लाखांहून अधिक मतांनी. आघाड्यांच्या नकाशावर दोन्हीकडे एकच गडद रंग. राज्याचं चित्रही तसंच, 2024 च्या लोकसभेत महाविकास आघाडीला 30 जागा आणि महायुतीला 17, पण दोघांच्या एकूण मतांत एका टक्क्याचंही अंतर नव्हतं. फरक कमी असेल तिथे रंग फिका करा. इतकं सोपं आहे.

‘शहर’ कोणाला म्हणायचं हे न सांगणं

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्र 45 टक्के शहरी आहे. यात नगरपालिका, महापालिका तर येतातच, पण ग्रामपंचायत असलेलं गावही येऊ शकतं: लोकसंख्या किमान 5,000, घनता चौरस किलोमीटरला किमान 400, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेर. अशा गावाच्या सरपंचाला विचारा तुम्ही शहरी का, काय उत्तर मिळतं बघा. उलट बाजूने, 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत आली, आणि त्यांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुन्हा बाहेरही पडली. मतदार त्याच घरात. तुमची व्याख्या कोणतीही असो, नकाशाच्या खाली एका ओळीत लिहा.

उरलेल्या, पटापट

मतदान किती झालं ते सोडून देऊ नका. 2024 च्या लोकसभेत गडचिरोली-चिमूरला सुमारे 72 टक्के, दक्षिण मुंबईत सुमारे 50. ‘मुंबईचा कौल’ हा अर्ध्या मुंबईचा असतो.

2004 आणि 2009 चे नकाशे शेजारी ठेवून ‘शहरं सरकली’ म्हणू नका. मधे मतदारसंघांची पुनर्रचना झाली. मुंबईच्या जागा 34 वरून 36 झाल्या आणि तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याच्या 13 वरून 24. सरकल्या त्या हद्दी.

लोकसभेच्या विधानसभा क्षेत्रनिहाय बेरजेत टपाली मतं नसतात, ती वेगळी धरलेली असतात. बेरीज जुळत नाही म्हणून रात्री एक वाजता मला फोन करू नका.

आणि आकडे नकाशाला जोडताना नावाने जोडू नका, क्रमांकाने जोडा. रायगडातलं कर्जत 189, नगरकडचं कर्जत-जामखेड 227. एका नवशिक्याने नावातली पहिली काही अक्षरं जुळवणारं सूत्र लावलं आणि जामखेडची मतं थेट माथेरानच्या पायथ्याशी नेऊन टाकली. वर मला म्हणतो, “मॅडम, कोकणात काहीतरी वेगळाच ट्रेंड दिसतोय.”