एखाद्या देशाचं कांदा उत्पादन वाढतंय की घटतंय, आकड्यांवरून कसं ओळखायचं

कुठल्याही देशाच्या कांदा उत्पादनाचा ग्राफ काढणं पाच मिनिटांचं काम आहे, पण तो नेमकं काय सांगतोय हे कळायला जरा बसावं लागतं. माझं सरळ म्हणणं आहे की एकूण टनांची रेघ सगळ्यात शेवटी बघायची, कारण ती मुळात दुसऱ्या दोन आकड्यांचा गुणाकार आहे, काढणी झालेलं क्षेत्र आणि हेक्टरी उत्पादन (म्हणजेच उत्पादकता), आणि खरी गोष्ट त्या दोघांत असते.

आधी डेटा घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या फाओस्टॅट साइटवर १९६१ पासूनचे देशवार आकडे फुकट मिळतात, उत्पादन विभागात पिकं आणि पशुधन हा भाग उघडायचा, देश निवडायचा, सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणारी आकड्यांची फाइल, उतरवून घ्यायची. इथेच पहिली चूक होते कारण यादीत कांदा दोनदा येतो. एक सुका, म्हणजे पूर्ण पोसलेला, माना पडल्यावर काढून वाळवलेला कांदा, आणि दुसरा हिरवा, म्हणजे पातीचा कांदा. दोन्ही नावांत शॅलट जोडलेलाच असतो. शॅलट म्हणजे एका गड्ड्याभोवती चार-सहा गड्ड्यांचा झुबका धरणारा बारका कांदा, आणि इंडोनेशियासारख्या देशात कांदा म्हटलं की मुख्यतः तोच, त्यामुळे अशा देशाचं काम करताना दोन्ही ओळी उतरवून घ्या आणि देशाच्या स्वतःच्या आकडेवारीशी ताडून बघा. लसूण आणि लीक वेगळ्या ओळींत असतात, ते यात मिसळू नका.

प्रत्येक ओळीसाठी क्षेत्र, हेक्टरी उत्पादन आणि एकूण उत्पादन, तिन्ही घ्या. एकक नक्की वाचा, जुन्या फाइलींत हेक्टरी उत्पादन हेक्टोग्रॅममध्ये असायचं, म्हणजे १०० ग्रॅमच्या हिशोबात, आणि अलीकडच्या फाइलींत ते किलोमध्ये आहे, दोन फाइली जोडल्या की एका वर्षात उत्पादकता दहापट पडल्यासारखी दिसते आणि माणूस उगाच दुष्काळ शोधत बसतो.

आता आकड्याशेजारचं अक्षर, फ्लॅग म्हणतात त्याला. हा कॉलम लोक सरळ डिलीट करतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण आकडा कुठून आला ते तिथेच लिहिलेलं असतं. ए म्हणजे देशाने दिलेला अधिकृत आकडा, ई म्हणजे अंदाज, आय म्हणजे गणिताने भरलेली रिकामी जागा. सलग सात-आठ वर्षं रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ असेल तर आधी फ्लॅग बघा, शेतात असं कधीच होत नाही, तिथे बहुतेक अंदाज भरलेले असतात आणि त्या तुकड्यावरून कल काढण्यात अर्थ नाही.

देशाची हद्दही तपासा. सोव्हिएत संघाची मालिका १९९१ ला संपते आणि पुढे रशिया, उझबेकिस्तान, कझाकस्तान वेगवेगळे सुरू होतात, सुदानमधून २०११ मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाला, तिथली पडझड ही कांद्याची नाही, नकाशाची आहे.

मग क्षेत्र आणि उत्पादकतेचे दोन वेगळे ग्राफ काढा. एक बारकावा फार महत्त्वाचा आहे, क्षेत्र हे लावलेलं नसून काढणी झालेलं असतं. म्हणजे पुरात प्लॉट पूर्ण गेला तर तो क्षेत्रातून वजा होतो आणि हेक्टरी उत्पादन ठीकठाक दिसत राहतं, पण करपा किंवा फुलकिड्यांनी पीक अर्धवट बसलं तर मार उत्पादकतेवर दिसतो. वर्षात एकाच जमिनीत दोनदा कांदा काढला तर तेवढं क्षेत्र दोनदा मोजतात हेही लक्षात ठेवा. आणि कांदा काही महिन्यांत हातात येणारं पीक आहे, बागेसारखं वर्षानुवर्षं बांधून ठेवत नाही, म्हणून भाव चढला की पुढच्या हंगामात लागवड वाढते, माल जास्त झाला की भाव पडतो आणि परत लागवड कमी. क्षेत्राची रेघ अशी वरखाली होणारच, एका वर्षाच्या उडीला कल म्हणू नका, ३ किंवा ५ वर्षांची सरकती सरासरी लावा, म्हणजे प्रत्येक वर्षाच्या जागी त्याची आणि लगतच्या वर्षांची सरासरी.

वाढीचा दर काढतानाही सुरुवात एखाद्या पडलेल्या वर्षापासून करू नका, नाहीतर वाढ फुगते. पहिल्या तीन वर्षांची सरासरी आणि शेवटच्या तीन वर्षांची सरासरी घ्या, एक्सेलमध्ये आरआरआय फंक्शनला मधल्या वर्षांची संख्या आणि हे दोन आकडे द्या.

समजायला एक काल्पनिक हिशोब. २० वर्षांत क्षेत्र १०,००० हेक्टरवरून १५,००० झालं आणि हेक्टरी उत्पादन १० टनांवरून १६ टन, म्हणजे एकूण उत्पादन १ लाख टनांवरून २ लाख ४० हजार, वर्षाला साधारण ४.५ टक्के वाढ. आता दीड, १.६ आणि २.४ या तिन्ही पटींचा नैसर्गिक लॉग (एक्सेलमध्ये एलएन फंक्शन) घ्या, ०.४१, ०.४७ आणि ०.८८ येतो, म्हणजे वाढीतला ४६ टक्के वाटा जमिनीचा आणि ५४ टक्के उत्पादकतेचा. हे वाटे कळले की पुढचे प्रश्न सुचतात, ही वाढ बियाण्याने आली, ठिबकने आली, की दुसऱ्या पिकाची जमीन कांद्याकडे वळली म्हणून आली?

उत्पादकतेचा आकडा डोक्यात तपासायला एक माप ठेवा, सुक्या कांद्याची जागतिक सरासरी हेक्टरी साधारण १८ ते २० टन आहे आणि अमेरिका, दक्षिण कोरिया हे देश ६० टनांच्या आसपास जातात. एखाद्या देशाचा आकडा एकाच वर्षात दुप्पट झाला तर तिथे शेती नाही, बहुतेक मोजायची पद्धत बदललेली असते.

निर्यात वजा करून देशात किती कांदा उरला ते काढायचं असेल तर आणखी एक अडचण येते, आयात-निर्यातीच्या आकडेवारीत प्रत्येक मालाला एक कोड असतो, त्यातल्या ०७०३१० या कोडमध्ये ताजा कांदा आणि शॅलट एकत्रच असतात, त्यामुळे आधी उत्पादनाच्या दोन्ही ओळींची बेरीज करा. सुकवलेल्या कापांचा आणि पावडरीचा कोड वेगळा, ०७१२२०, आणि त्यात पाणी जवळजवळ उरलेलं नसतं, म्हणून ते टन ताज्या कांद्याच्या टनातून सरळ वजा करू नका.

शेवटी फाइल उतरवल्याची तारीख शीटमध्ये वरच लिहून ठेवा, मागच्या वर्षांचे आकडेही नव्या अपडेटमध्ये दुरुस्त होतात आणि सहा महिन्यांनी तुमचा ग्राफ दुसऱ्याच्या ग्राफशी जुळला नाही तर आधी ही तारीख बघावी लागते.